हंगामाची घाई आणि मनावरील ताण

पोळ्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी खांदेमळण होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळले जातात. बैलाच्या खांद्यावर सूज दिसू लागली, की जाणता शेतकरी त्यास काही दिवस औतास जुंपीत नाही. हाच शेतकरी स्वतःच्या मनावरील ओझ्याविषयी मात्र बहुधा घरातही बोलत नाही. कामाचा ताण हा कचेरीतील किंवा कारखान्यातील माणसांचा विषय होय, असा एक समज आहे. वस्तुतः नोकरदारास निदान महिन्याचा पगार ठरलेला असतो. जिरायत शेतकऱ्याच्या बाबतीत पाऊसही त्याच्या स्वाधीन नसतो व बाजारभावही नसतो. शिवाय शेत हेच त्याचे कामाचे ठिकाण आणि चिंतेचेही, त्यामुळे काम संपले असे म्हणण्याची वेळ सहसा येत नाही.

ताण ही मुळात शरीराची एक उपयुक्त क्रिया आहे. वाटेत साप आडवा आला असता छाती धडधडते, श्वास जलद होतो, रक्तातील साखर वाढते व अंगात क्षणात बळ येते. संकट टळले की शरीर पुन्हा पूर्वपदावर येते. परंतु संकट चार महिने टळलेच नाही, तर हीच क्रिया अपाय करू लागते. झोप उडते, अन्नावरील वासना जाते, डोके व पाठ दुखते, लहानसहान गोष्टींवरून राग येतो, आणि विशेष म्हणजे नीट निर्णय घेता येत नाही. शेतीच्या दृष्टीने हा शेवटचा परिणाम सर्वांत महाग पडतो, कारण खरिपातील मोठे निर्णय नेमके याच दिवसांत घ्यावे लागतात.

पेरणीचेच उदाहरण घ्यावे. जूनच्या 7-8 तारखेस मृग नक्षत्र लागते. एखादी सर येऊन जाते, शेजारच्या शिवारात तिफण चालू लागते, आणि आपण मागे राहू या धास्तीने शेतकरी अर्धवट ओलीवर बियाणे टाकतो. पुढे पावसाने दोन-अडीच आठवडे ओढ दिली, की उगवलेले रोप माना टाकते व दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. त्या खर्चासाठी काढलेले कर्ज पुढे वर्षभर झोप घालविते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, हा सल्ला पुष्कळांना ठाऊक असतो. तो पाळला जात नाही याचे कारण अज्ञान नव्हे, तर त्या आठवड्यातील मनाची घालमेल होय.

यावर एक सोपा उपाय आहे. जे निर्णय आधी घेता येतात, ते चैत्र-वैशाखात, मन स्वस्थ असताना घ्यावे. घरातील सर्वांनी एकत्र बसून एका वहीत लिहावे: किती पाऊस झाल्यावर पेरावयाचे, मूग-उडिदाच्या पेरणीचा काळ टळला तर त्या तुकड्यात तूर, बाजरी की सूर्यफूल, दुबार पेरणीची वेळ आलीच तर पैसा कोठून उभा करावयाचा व किती मर्यादेपर्यंत. सोयाबीनचे घरचे बियाणे असल्यास शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावे व उगवण तपासावी. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एक शंका कायमची मिटते. मृगात शेजाऱ्याची तिफण ऐकू आली, की वही उघडावी. वैशाखात शांतपणे लिहिलेले वाक्य जूनमधील घाईपेक्षा बहुधा शहाणे असते. प्रत्येक वेळी ते खरे ठरेलच असे नाही, पण चुकले तरी निर्णय सर्वांचा असतो, एकट्याच्या माथी दोष येत नाही.

हीच वही कर्जासाठीही वापरावी. कोणाचे किती देणे, व्याज काय, मुदत कधी, हे सर्व मांडावे आणि पत्नीस दाखवावे. निंदणी व वेचणीचा भार जिने वाहिला, तिला देण्याचा आकडा मात्र ठाऊक नसतो, असे पुष्कळ घरांत आढळते. लपविलेले कर्ज दुप्पट जड होते. पीककर्जाच्या अडचणीसाठी बँकेत किंवा सोसायटीत मुदतीपूर्वी जाऊन बोलावे. परवाना नसलेला सावकार त्रास देत असल्यास महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 अन्वये सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते.

झोपेची काटकसर करू नये. दारूने झोप येते असे वाटते, पण ती मोडकी असते व दुसरा दिवस अधिक जड जातो.

शेजाऱ्यांचेही या कामी कर्तव्य आहे. नेहमी पारावर बसणारा मनुष्य येईनासा झाला, जेवण तुटले, लाडकी जनावरे उगाच देऊन टाकू लागला, 'माझे सर्वांना ओझे झाले' असे बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्यास एकांतात गाठून, जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय, असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारणारा भेटला की बोलणाऱ्यास हायसे वाटते. उपदेश न करता ऐकावे व त्यास एकटे सोडू नये.

अशा घरातील कीटकनाशके तत्काळ हलवावीत. एरवीही ती राहत्या घरात न ठेवता कुलपात ठेवावीत, किल्ली दुसऱ्या जाणत्या व्यक्तीकडे असावी आणि औषध गरजेपुरतेच आणावे. जिवावर उठणारा विचार पुष्कळदा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात विष हाताशी नसले तर मनुष्य वाचतो. श्रीलंकेत 1995 च्या सुमारास अतिविषारी कीटकनाशकांवर निर्बंध आले व पुढे ते वाढविण्यात आले. त्यानंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले, आणि भाताचे उत्पन्न त्यापायी घटले नाही. थकलेल्या माणसाने फवारणीही करू नये. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतील विषबाधेने अनेक शेतकरी व मजूर दगावले, हे विसरता येण्याजोगे नाही.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप व भूक गेली असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. गावच्या आशाताईंकडूनही वाट कळते. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. ते घेणे म्हणजे वेड लागणे नव्हे. केंद्र शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416 असा आहे. ती विनामूल्य असून रात्रंदिवस चालते व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर, आणि गोठ्याच्या दारावरही खडूने लिहून ठेवावा.