भीतीसुद्धा आणि आनंदसुद्धा

आजचे वाचन : मत्तय २८:१-१०



ईस्टरच्या शुभेच्छांचं स्टेटस २४ तासांत आपोआप निघून जातं. मग सोमवारी ऑफिसमध्ये कुणी विचारतं, "काय असतं रे हे ईस्टर?" आणि आपण म्हणतो, "आमचा सण असतो," आणि विषय तिथेच संपतो. तुमच्यापैकी बरेच जण मला सांगतात की पुनरुत्थानाबद्दल बोलायचं म्हटलं की धाकधूक होते. समोरचा हसेल, किंवा त्याला वाटेल की हा धर्मप्रचार करतोय.

आजच्या भागातलं ८वं वचन सावकाश वाचा. कबरेपासून निघालेल्या स्त्रियांच्या मनात भीती होती आणि मोठा आनंदही होता. मत्तय दोन्ही एकाच वाक्यात लिहितो. भीती जाईपर्यंत त्या थांबल्या नाहीत, त्या धावत सुटल्या. आणि लक्षात घ्या, तोवर त्यांनी प्रभूला पाहिलंही नव्हतं! त्यांच्याजवळ होती फक्त रिकामी कबर आणि देवदूताचा शब्द. प्रभू त्यांना भेटला तो ९व्या वचनात, वाटेवर, त्या सांगायला निघाल्यानंतर. मला हा क्रम फार आवडतो.

बरं, पुढे काय झालं? लूक २४:११ म्हणतं की प्रेषितांना त्यांचं बोलणं निव्वळ बडबड वाटली. बाहेरच्यांना नव्हे हं, प्रेषितांना! त्या काळी स्त्रियांच्या साक्षीला तसंही फारसं वजन नव्हतं. तरी देवाने पहिली बातमी त्यांच्याच हाती दिली.

माझी मावशी भिवापूरला राहते. भिवापूर म्हटलं की मिरची, हे नागपूरकरांना सांगायला नको. हंगामात ती सातऱ्यावर मिरचीचे देठ खुडायला जाते. काका गेले त्या वर्षीही काही आठवड्यांतच ती कामावर परतली. तिथे मिरचीच्या खकाण्याने सगळ्याच बायांच्या डोळ्यांना पाणी असतं, कोण रडतंय ते कळतही नाही. शेजारच्या बाईने तिला विचारलं, "का वं, तुले रडू नाही येत का?"

मावशी म्हणाली, "येते ना वं. रोज येते. पण माह्या येशूले मरणानं धरून ठेवता नाही आलं, तं यायलेबी नाही येनार. भेटतीन मले."

एवढं बोलून ती पुन्हा देठ खुडायला लागली. तिच्याकडे पत्रिका नव्हती, पाठ केलेलं भाषण नव्हतं. पौलाने १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ मध्ये ज्या आशेबद्दल लिहिलं, ती मला मावशीच्या त्या दोन वाक्यांमुळे नीट समजली. रडू थांबत नाही, पण त्या रडण्याला आशा असते. ती बाई आजही चर्चला येत नाही. पण घरात आजारपण आलं की "प्रार्थना कर वं" म्हणत मावशीच्या दारात येते.

१ पेत्र ३:१५ सांगतं की आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे आधी कुणाला तरी विचारावंसं वाटलं पाहिजे. आणि हे लिहिणारा कोण? दासीसमोर घाबरून प्रभूला नाकारणारा पेत्र!

नागपूरशी जोडलेली आणखी एक गोष्ट. कवी ना. वा. टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले असताना एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. त्याने त्यांना नवा करार भेट दिला. वाचता वाचता टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण हेही सांगायला हवं की हीच सुवार्ता लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आधी ताटातूट घेऊन आली. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. त्या परतल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या वेळेला, १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ घरात असेल तर नक्की वाचा. आनंदाची बातमी सांगणाऱ्याला वाट बघायलाही यावं लागतं, ते त्या पुस्तकात जागोजागी दिसतं.

आज एवढंच करून बघा. तुमच्या ओळखीत अलीकडे कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल, तर मेसेज न टाकता फोन करा. आधी त्यांचं ऐका. त्यांनी विचारलं, तर तुमची आशा दोन वाक्यांत, तुमच्या घरच्या बोलीत सांगा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू जिवंत आहेस. मला बोलायची भीती वाटते, ती तुला ठाऊक आहे. आज ज्याला फोन करायचा आहे त्याचं नाव मी तुझ्यापुढे ठेवतो. वाटेत मला भेट. आमेन.