नारळी खेकड्याची जपणूक व मर्यादित पकड

नारळ उतरविला तरी माड उभा राहतो व पुढील काढणीस पुन्हा फळ देतो. नारळी खेकड्याचे तसे नाही. तो पकडला म्हणजे झाडच तोडल्यासारखे होते. म्हणून या खेकड्याची पकड किती, केव्हा व कोणत्या आकाराची करावी, हा बेटवासीयांच्या उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

हिंदी व प्रशांत महासागरांतील अनेक उष्ण बेटांवर हा खेकडा आढळतो. जमिनीवरील संधिपाद प्राण्यांत तो सर्वांत मोठा असून त्याचे वजन ४ किलोग्रॅमपर्यंत भरते. प्रशांत महासागरातील व्हानुआटू देशाच्या उत्तरेकडील टोरेस बेटांवरून हे खेकडे शहरांतील उपाहारगृहांना पुरविले गेले आहेत. खोबऱ्याखेरीज रोख उत्पन्नाची साधने थोडी असलेल्या बेटांवर अशा विक्रीस विशेष महत्त्व असते.

वाढ व प्रजनन : हा खेकडा सुमारे पाच वर्षांनी वयात येतो व पुढेही मंद गतीनेच वाढतो. मोठे नर कित्येक दशकांचे असतात. मादी अंडी पोटाखाली बाळगते व ती पिकल्यावर समुद्रकाठी येऊन पाण्यात सोडते. पिले सुमारे तीन ते चार आठवडे समुद्रात तरंगत राहून मग शंखाच्या आश्रयाने किनाऱ्यावर येतात. त्यांपैकी फारच थोडी जगतात. प्रौढ खेकड्यास मात्र पोहता येत नाही. कात टाकताना तो कित्येक दिवस बिळात दडून राहतो. त्या वेळी त्याचे अंग मऊ असल्याने बीळ उकरल्यास तो सहसा वाचत नाही.

पकड व तिचे नियम : फोडलेला नारळ आमिष म्हणून जमिनीस जखडून ठेवतात व रात्री दिव्याच्या उजेडात जमलेले खेकडे धरतात. ही रीत इतकी सोपी आहे की गावाजवळचे मोठे खेकडे लवकरच संपतात. व्हानुआटूच्या नियमांनुसार कवचाची लांबी ९ सेंटिमीटरपेक्षा कमी असलेला खेकडा तसेच अंडी बाळगणारी मादी पकडण्यास व विकण्यास मनाई आहे. मादी नरापेक्षा लहान असल्याने आकाराच्या मर्यादेमुळे पुष्कळ माद्या आपोआप वाचतात. याशिवाय गावप्रमुख रूढीनुसार काही भाग ठराविक काळ बंद ठेवतात. शेजाऱ्यांची नजर असल्याने हा निर्बंध पाळला जाणे सुलभ होते.

मात्र पिले प्रवाहाबरोबर एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाऊ शकत असल्याने केवळ एका गावाने संयम पाळून भागत नाही.

ध्यानात ठेवण्याजोग्या गोष्टी :

१. प्रत्येक खेकडा मापून घ्यावा. लहान असल्यास जागीच सोडावा.

२. अंडी असलेली मादी कधीही धरू नये.

३. कात टाकणाऱ्या खेकड्याचे बीळ उकरू नये.

४. पकडीची संख्या व आकार यांची नोंद ठेवावी. सरासरी आकार घटू लागल्यास तो धोक्याचा इशारा समजून पकड थांबवावी.

भारतात हा खेकडा अंदमान व निकोबार बेटांपैकी काहींवरच आढळतो. तो तेथे अत्यंत विरळ असल्याने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये त्यास संरक्षण दिलेले आहे. जेथे पकड चालू आहे तेथे आज मर्यादा पाळली नाही, तर उद्या तेथेही संपूर्ण बंदीवाचून गत्यंतर उरणार नाही.