उरलेल्या तुकड्यांचा उपयोग

सणासाठी भिंत सजवावयास उधारी करावी, ही चाल आम्हांस अनुचित वाटते. घरात उरलेले सामान पुरेसे असते. नागपुरातील जरीपटक्याचे उदाहरण घ्यावे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित कुटुंबे तेथे वसली. जुन्या कापडाचे चौकोन व त्रिकोण जोडून, खाली जीर्ण वस्त्रांचे थर घालून, धावदोऱ्याने शिवलेली रल्ली ही सिंधी स्त्रियांची परंपरागत कला होय; आपल्या गोधडीची ती बहीणच.

त्याच रीतीने भिंतीवरील पट करावा:

(१) नवे कापड आधी धुवावे. नाहीतर ते मागाहून आटून शेजारचा तुकडा ओढते.

(२) ओला पांढरा फडका घासून रंग सुटतो का, ते पाहावे.

(३) पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंस कागद चिकटवावा. एकाच बाजूस लावल्यास खळ वाळताना पुठ्ठा वाकतो.

(४) जोडलेले कापड त्यावर ताणून मागे टाके घालावे.

(५) मणी व गुंड्या शिवाव्या, आरसे दोऱ्याच्या जाळीत धरावे. खळ कागदापुरतीच ठेवावी. तिला कसर लागते व पावसाळ्यात ती सुटते.

शिक्षकबंधूंनी हा धडा मुलींप्रमाणे मुलांसही द्यावा. ज्या घरी तुकडा टाकाऊ ठरत नाही, तेथे सावकाराचे काम कमी पडते.