वेढ्याचा खेळ

गो हा चीन देशातला फार जुना खेळ. अडीच हजार वर्षांपूर्वीही लोक तो खेळत. चीनमध्ये त्याला वेईची म्हणतात, जपानात गो.

खेळायला दोघे लागतात. मोठ्या पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघा असतात. नवशिक्याने ९ रेघांचा लहान पट घ्यावा. एकाच्या सोंगट्या काळ्या, दुसऱ्याच्या पांढऱ्या. पहिली खेळी काळ्याची. सोंगटी चौकोनात ठेवायची नाही. दोन रेघा जिथे मिळतात, तिथे ठेवायची. मग ती हलवायची नाही.

मधल्या सोंगटीला चार वाटा असतात. कडेच्या सोंगटीला तीन. कोपऱ्यात दोनच. समोरच्याने सगळ्या वाटा अडवल्या, की सोंगटी मेली! ती पटावरून उचलतात. आपल्या दोन सोंगट्या रेघेवर लगत असल्या, तर दोघींच्या वाटा एक होतात. जोडीला मारणं अवघड.

पण मारणं हा खरा डाव नव्हे. जास्त जागा वेढील, तो जिंकतो. नवशिका एक सोंगटी वाचवायला धावतो अन् दहा गमावतो. जाणता ती एक सोडून देतो आणि मोठी जागा राखतो.

हरायची लाज नको. जुने खेळाडू नवशिक्याला सांगतात, पहिले पन्नास डाव लवकर हरून टाका. हरता हरताच वाटा दिसू लागतात.

सांगा पाहू : कोपऱ्यातल्या सोंगटीला किती वाटा?