पारोळ्याची जहागीर आणि झाशीची गादी

जळगावहून धुळ्याला एस.टी.ने जाताना एरंडोल सुटले की पारोळा येते. बालाजीच्या रथामुळे हे गाव खानदेशात सगळ्यांना माहीत आहे. गावात एक भुईकोट किल्लाही आहे, हे मात्र आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांना ठाऊक नसेल. हा किल्ला ज्या घराण्याचा, त्याच घराण्याची एक शाखा पुढे झाशीच्या गादीवर बसली. म्हणजे झाशीच्या राणीची जी गोष्ट आपण चौथीपासून वाचतो, तिची अर्धी मुळे आपल्या जिल्ह्यात आहेत. या लेखात मला लढाईबद्दल फारसे लिहायचे नाही. मला लिहायचे आहे इस्टेटीबद्दल : जमीन कोणाची, वारस कोण, आणि ते ठरवायचे कोणी. ज्यांच्या घरी सध्या वाटणीचा विषय चालू आहे (आणि आपल्या भागात कोणाच्या घरी नाही?), त्यांनी जरा लक्ष देऊन वाचावे.

आधी इंग्रजांच्या घरातली पद्धत पाहू, कारण निकाल देणारे तेच होते. इंग्लंडमधल्या जमीनदार घराण्यात सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची. धाकट्यांनी सैन्यात जावे, चर्चमध्ये जावे किंवा कंपनीची नोकरी धरून हिंदुस्थानात यावे. त्यामुळे एकेक इस्टेट तीनतीनशे वर्षे अखंड राहिली. मुलगा नसला तर? जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ज्यांनी वाचली किंवा पाहिली असेल त्यांना आठवेल : घरात पाच मुली, पण इस्टेट जाणार दूरच्या नातेवाईकाकडे. दत्तक घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही. येणार कसे? इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच मुळी १९२६ साली झाला. त्याआधी दुसऱ्याचे मूल सांभाळता येई, पण ते कायद्याने वारस होत नसे.

आपल्याकडे उलट. जमीन सगळ्या भावांत वाटली जायची (म्हणून तर वीस एकराचे दोन एकर झाले), पण वंश मात्र तुटू द्यायचा नाही. मुलगा नसेल तर भाऊबंदांतला मुलगा विधीपूर्वक दत्तक घ्यायचा. तो पोटच्या मुलासारखाच धरला जाई. पिंडही तोच देई आणि मालमत्ताही त्याचीच.

आता दुसरी गोष्ट. मराठेशाहीत ‘जहागीर’ हा शब्द सैल अर्थाने वापरत, पण त्यात प्रकार होते. वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांसारखा पिढीजात हक्क. इनाम म्हणजे बक्षीस दिलेली जमीन. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला महसूल. आपल्या भाषेत सांगायचे तर इनाम म्हणजे स्वतःचे घर आणि सरंजाम म्हणजे वॉर्डन सरांचे क्वार्टर. नोकरी आहे तोवर क्वार्टर. पण एकाच क्वार्टरमध्ये बाप, मुलगा आणि नातू असे तिघे पाठोपाठ वॉर्डन झाले, तर चौथ्या पिढीला ते घरच वाटणार! पेशवाईत असेच झाले होते. या सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे.

नेवाळकर घराणे मूळचे कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यात लांज्याजवळच्या कोट गावचे. तिथून ही मंडळी खानदेशात आली आणि पेशव्यांच्या चाकरीत वर चढली. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे की हरी सदाशिव दामोदर यांनी पन्नासेक घरांच्या पारोळ्याचे तटबंदीचे गाव केले आणि १७२७ मध्ये किल्ला बांधला. किल्ल्याची लांबी सुमारे १६० मीटर, रुंदी सुमारे १३० मीटर, भोवती खंदक. डोंगर नाही, कडा नाही, म्हणजे संरक्षणाची सगळी भिस्त तट आणि पाण्यावर. आमच्या सिव्हिलच्या मुलांनी एकदा लेव्हल घेऊन जायला हरकत नाही. (किल्ल्यातून लांबवर जाणारे भुयार आहे असे गावात सांगतात. ते प्रत्येकच किल्ल्यात असते. इतक्या लांब भुयारात हवा कशी खेळवली असेल, हे सरांना व्हायवाच्या वेळी उलट विचारून बघा.)

याच घराण्यातले रघुनाथ हरी नेवाळकर १७७० च्या सुमारास पेशव्यांतर्फे झाशीचे सुभेदार झाले. त्यांच्यानंतर त्यांचे भाऊ शिवराव भाऊ आले. बुंदेलखंडात, पुण्यापासून इतक्या दूर, सुभेदारी हळूहळू राज्यच होऊन गेली. शिवराव भाऊंनी १८०४ मध्ये इंग्रजांशी करार केला. १८१७ मध्ये पेशव्यांनी बुंदेलखंडावरचे हक्क कंपनीला सोडले, तेव्हा कंपनीने शिवरावांचे नातू रामचंद्रराव यांच्याशी नवा तह केला आणि ते व त्यांचे वारस वंशपरंपरेने झाशीचे अधिपती राहतील असे लिहून दिले. म्हणजे क्वार्टरचे घर झाले, आणि तेही लेखी.

पण ‘वारस’ म्हणजे कोण, हे त्या कागदात लिहिलेले नव्हते. १८३५ मध्ये रामचंद्रराव वारले. दत्तकाचा दावा पुढे आला, तो इंग्रजांनी मानला नाही आणि काका रघुनाथराव यांना बसवले. १८३८ मध्ये तेही गेले, मग त्यांचे भाऊ गंगाधरराव. पारोळ्याच्या शाखेतले सदाशिवराव नारायण हेही दावेदार होते, पण त्यांचे कोणी ऐकले नाही. त्यांचे नाव लक्षात ठेवा.

गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा मुलगा तान्हेपणीच गेला. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव अंथरुणाला खिळले. मृत्यूच्या आदल्या दिवशी, २० नोव्हेंबरला, त्यांनी भाऊबंदांपैकी वासुदेवराव नेवाळकरांचा पाच वर्षांचाही न झालेला मुलगा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. पोलिटिकल अधिकारी मेजर एलिस यांच्या समक्ष हे झाले. कागदपत्रांत कसूर नको म्हणून केवढी ही काळजी!

फेब्रुवारी १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने निकाल दिला. झाशी हे मूळचे स्वतंत्र राज्य नव्हे, पेशव्यांच्या सुभेदाराला दिलेला प्रदेश आहे. म्हणून सरकारच्या परवानगीशिवाय दत्तकाला गादी मिळणार नाही. दाखला कोणता? १८३५ चा. दत्तकाला गंगाधररावांची खाजगी मालमत्ता मिळेल, राज्य नाही. राणीने अर्जात दतिया, ओरछा यांचे दाखले दिले, कारण तिथे दत्तक मंजूर झाले होते. जॉन लँग नावाच्या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. उपयोग झाला नाही. राणीला दरमहा ५००० रुपये पेन्शन आणि शहरातला वाडा मिळाला. खजिन्यातले सुमारे ६ लाख रुपये दामोदरराव सज्ञान होईपर्यंत सरकारकडे अडकले. त्यातले १ लाख त्याच्या मुंजीसाठी मागितले, तेव्हाही जामीन द्यावे लागले.

माझे स्वतःचे मत असे, की डलहौसीचा पहिला मुद्दा (सुभेदारी ही नोकरी होती) अगदीच टाकाऊ नाही. पण १८१७ चा कागद स्वतः लिहून दिल्यावर तो मुद्दा काढायचा अधिकार त्याला उरत नव्हता. या डलहौसीचे घरही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडच्या जमीनदार घराण्यातला हा तिसरा मुलगा. थोरले भाऊ आधी वारले म्हणून याला पदवी मिळाली. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मागे फक्त दोन मुली होत्या. जुने अर्लपद चुलतभावाकडे गेले आणि १८४९ मध्ये मिळालेले मार्क्विसपद पुरुष वारस नाही म्हणून खालसा, म्हणजे बंदच झाले. त्याच्या दृष्टीने यात अन्याय काही नव्हता. त्याच्या घरचा नियमच तो होता. तोच नियम त्याने झाशीला लावला.

जून १८५७ मध्ये झाशीत उठाव झाला. त्याच गडबडीत पारोळ्याचे ते सदाशिवराव पुढे आले, झाशीजवळचा करेरा किल्ला घेतला आणि स्वतःला झाशीचे महाराज जाहीर केले. राणीला इंग्रजांच्या आधी आपल्याच भाऊबंदावर फौज पाठवावी लागली. तिने त्यांना हुसकावून लावले. बांधावरून कोर्टात गेलेली भावकी आपण पाहतो, तसलाच प्रकार, फक्त तोफांसकट.

या सगळ्यात पारोळ्याचे काय झाले? १८१८ पासून खानदेश इंग्रजांकडे होता. पोलिटिकल एजंट कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे केले. १८२१ मध्ये पारोळ्यात त्याच्या खुनाचा प्रयत्न झाल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे, म्हणजे गावावर सरकारचा डोळा आधीपासूनच होता. तरी जहागीर चालू राहिली. १८५४ मध्ये झाशी गेली तेव्हासुद्धा पारोळा गेले नाही. दत्तकाचा नियम राज्याला लागला; इकडची मालमत्ता खाजगी धरली गेली. मग १८५९ मध्ये बंडात सामील असल्याचा आरोप ठेवून पारोळाही जप्त केले आणि किल्ल्याची तटबंदी पाडली. राज्य वारस नाही म्हणून गेले आणि घर गुन्हा म्हणून. एकाच कुटुंबाच्या दोन इस्टेटी, दोन वेगवेगळी कलमे.

झाशीचा किल्ला आणि शहर इंग्रजांनी १८६१ मध्ये शिंद्यांना दिले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले. दामोदरराव राणीच्या मृत्यूनंतर दोनेक वर्षे रानोमाळ फिरला, १८६० मध्ये इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि इंदूरला राहू लागला. त्याला पेन्शन ठरली. सज्ञान झाल्यावर मिळायचे ते खजिन्यातले पैसे त्याला मिळाले नाहीत. तो १९०६ मध्ये इंदूरलाच वारला. त्याच वर्षी सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, म्हणजे आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार, आणि पारोळा पूर्व खानदेशात गेले.