परिचारिका व्यवसाय : नोंदणी आणि कायदेशीर जबाबदारी

रुग्णालयातील रुग्णाची व डॉक्टरांची गाठ दिवसातून एकदोनदा पडते. उरलेला सारा वेळ तो परिचारिकेच्या हाती असतो. औषधाची मात्रा, इंजेक्शन, नाडी व तापाची नोंद, अपरात्री बिघडलेल्या प्रकृतीची पहिली जाणीव, हे सर्व तिच्याकडे. असे असूनही परिचारिका कोणाला म्हणावे याविषयी आपल्याकडे फारशी चौकशी होत नाही. पांढरा गणवेश हीच पुष्कळांना पुरेशी ओळख वाटते. कायदा मात्र गणवेश पाहत नाही, नोंदवही पाहतो.

वैद्यक व इतर व्यवसाय हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत असल्याने त्यावर केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतात. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद अधिनियमाने प्रशिक्षणाचा दर्जा देशभर एकसारखा राखण्याचे काम केंद्रीय परिषदेकडे सोपविले. प्रत्यक्ष नोंदणी राज्यांकडे राहिली. मुंबई प्रांतात असा कायदा १९३५ पासून होता. पुढे राज्यातील या विषयावरील कायद्यांचे एकीकरण महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ याने केले. संसदेने २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या व प्रसविकी आयोग अधिनियम संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या या अधिनियमात राष्ट्रीय व राज्य आयोगांची तरतूद आहे. यंत्रणेचे नाव बदलले तरी नोंदवहीचे महत्त्व त्यातही कायमच आहे.

नोंदवहीत नाव येते ते मान्यताप्राप्त संस्थेत अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर; आणि व्यवसायात गैरवर्तन सिद्ध झाल्यास, म्हणणे मांडण्याची संधी देऊन, ते काढलेही जाऊ शकते.

या नोंदीचे मोल किती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या स्प्रिंग मेडोज रुग्णालय खटल्यावरून कळते. डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वराचे निदान झालेले एक लहान मूल दिल्ली येथील खाजगी रुग्णालयात दाखल होते. परिचारिका म्हणून नेमलेल्या स्त्रीने वडिलांकरवी औषध मागवून ते शिरेतून टोचले. मूल तत्क्षणी कोसळले, हृदयक्रिया थांबली आणि मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत आढळले की, त्या स्त्रीचे नाव कोणत्याही राज्याच्या परिषदेकडे नोंदलेले नव्हते. इंजेक्शन देण्याचे काम ज्या निवासी डॉक्टरांचे होते, त्यांनी ते तिच्यावर सोडले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांच्या मनस्तापासाठी पाच लाख रुपये भरपाई ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. चूक परिचारिकेची, आमची नव्हे, असे म्हणून रुग्णालयाला सुटता येत नाही. नेमणूक करणारा नेमलेल्याच्या कामाला उत्तरदायी असतो आणि अपात्र व्यक्तीस नेमणे हाच निष्काळजीपणा ठरतो.

परिचारिकेकडून अपेक्षित असते ती त्याच व्यवसायातील साधारण कुशल व्यक्ती घेईल तेवढी काळजी. असामान्य कौशल्य नव्हे. म्हणूनच औषध कोणते, किती व केव्हा दिले याची त्याच वेळी केलेली लेखी नोंद तिचा सर्वांत भक्कम पुरावा होय. फौजदारी बाबतीत मात्र एक विषमता नजरेआड करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून उपचार करताना तसे घडल्यास ही मर्यादा दोन वर्षांची आहे; परंतु तेथील व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीतील डॉक्टरच येतात. एकाच खाटेपाशी काम करणाऱ्या दोघांना दोन मापे लावणे प्रस्तुत लेखकास न्याय्य वाटत नाही. याउलट, रुग्णसेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्याने २०१० साली केलेल्या कायद्याने नोंदणीकृत परिचारिकेला डॉक्टरांच्या बरोबरीने संरक्षण दिले आहे; तेथे हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे.

ग्रामीण भागात हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. काही महिन्यांत ‘नर्स’ बनविण्याची जाहिरात करणाऱ्या वर्गांना मुली फी भरतात, प्रमाणपत्रही मिळते. पण संस्थेला मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि शासकीय नोकरीचे दार बंदच राहते. शिक्षकांनी प्रवेशापूर्वीच परिषदेकडे संस्थेच्या मान्यतेची खात्री करून घेण्याचा सल्ला पालकांना द्यावा. पंचायत सदस्यांनी उपकेंद्रातील परिचारिका व आशा स्वयंसेविका यांच्यातील फरकही ध्यानी घ्यावा. आशा ही गाव व आरोग्यसेवा यांना जोडणारी स्वयंसेविका आहे. उपकेंद्रातील पद रिक्त राहिले म्हणून परिचारिकेचे काम तिच्यावर टाकता येणार नाही. ते पद भरण्याची मागणी ठरावाद्वारे जिल्हा परिषदेकडेच करावी लागेल.