हजाराचा हँग-ऑन फिल्टर आणि त्यामागचा खर्च

प्रवाळांचा छोटा टँक लावायचाय आणि दुकानदार महागडा कॅनिस्टर फिल्टर पुढे करतोय? 60 ते 100 लिटरच्या टँकला काठावर लटकणारा साधा हँग-ऑन पुरतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांत तो हजाराच्या आतबाहेर मिळतो. पाणी खरं शुद्ध करतात ते सच्छिद्र दगडांतले जिवाणू. दहा लिटरमागे साधारण किलोभर दगड धरा. हँग-ऑनचं काम कचरा अडवायचं आणि कार्बन धरायचं.

घेताना तो दुकानातच उघडून बघा. पंख्याची दांडी सिरॅमिकची हवी. लोखंडी खाऱ्या पाण्यात गंजते. मोटर पाण्यात बुडणारी हवी, म्हणजे वीज जाऊन आली की फिल्टर आपोआप सुरू होतो. बाहेरच्या मोटरचा फिल्टर अशा वेळी कोरडाच फिरत राहू शकतो. खोक्यावरचा तासाचा प्रवाह रिकाम्या फिल्टरचा असतो, म्हणून टँकच्या किमान पाचपट आकडा घ्या. तरी प्रवाळांना तेवढी हालचाल पुरत नाही, वेव्हमेकर वेगळा घ्यावाच लागतो.

पहिला छुपा खर्च कार्ट्रिजचा. ती पुन्हा पुन्हा विकत घेऊ नका, काढून टाका. जागी सुटा मिळणारा फिल्टर वूल आणि जाळीच्या पिशवीत कार्बन भरा. वूल तीन-चार दिवसांनी बदला, कार्बन महिन्याने. न बदललेल्या वूलमध्ये घाण कुजते, नायट्रेट वाढतं, शेवाळ माजतं आणि प्रवाळ मिटून बसतात. स्वस्त फिल्टर बदनाम होतो तो बहुतेक यामुळेच.

दुसरा खर्च मिठाचा. 80 लिटरला सुरुवातीला सुमारे तीन किलो रीफ सॉल्ट, पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर महिन्याला सव्वा किलो. एवढं पाणी नेमाने बदलणार असाल आणि मासे दोनच ठेवणार असाल, तर फेसातून घाण काढणाऱ्या स्किमरचे पैसे वाचवा. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र काटकसर नको, सापेक्ष घनता 1.025 हवी. पाणी आरओ-डीआयचंच वापरा. स्वयंपाकाचं मीठ किंवा चौपाटीवरून भरून आणलेलं पाणी, हे दोन्ही शॉर्टकट प्रवाळांच्या जिवावर बेततात. उडून गेलेलं पाणी रोज भरा, तेही बिनमिठाचं, कारण मीठ उडत नाही.

विजेची चिंता फिल्टरची नाही: सहा वॉटचा फिल्टर महिनाभर अखंड चालला तरी साडेचार युनिटच्या आतच. खरा भार पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचा. प्रवाळांना 25-26 अंश मानवतात. मे महिन्यात टँकवर लावलेल्या पंख्याने पाणी दोनेक अंश उतरतं, पण मुंबईच्या दमट हवेत तेवढ्यावर भागेलच असं नाही. चिलरचं बजेट नसेल तर टँक आत्ता लावू नका.

कागदपत्रं? कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. भारतीय समुद्रातून काढलेले प्रवाळ आणि ते चिकटलेले ‘लाइव्ह रॉक’ विकत घेऊ नका. कोरडा दगड घ्या. आयात केलेल्या कठीण प्रवाळासोबत पक्कं बिल आणि साइट्स (CITES) परवान्याची प्रत मागा. ‘परिवेश’ संकेतस्थळावरच्या नोंदणीचंही विचारा. ‘सगळे असंच घेतात’ हे उत्तर मिळालं तर दुकान बदला.

वेळ: दगड-पाणी घातल्यावर चार ते सहा आठवडे थांबा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आधी झोअँथिड, मशरूमसारखे मऊ प्रवाळ सोडा. महिन्यातून एकदा फिल्टर उतरवून मोटर पातळ व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा आणि साध्या पाण्याने धुऊन परत लावा. चुन्याचा थर साचला की आतला पंखा अडकतो.